वन्स मोअर न देणारा माणूस

झेंडूच्या फुलांची चौकट मी निवडली. दोन्ही बाजूंना तेवत्या समया मी लावल्या. फोटोतला रंग काढून तो काळापांढरा करायची अक्कलही माझीच. आणि खालच्या जांभळ्या पट्टीत मीच टाइप केलं, 'हा आवाज अजरामर आहे. शाळेतर्फे विनम्र अभिवादन.' हे चित्र मी गावाच्या मोबाईल ग्रुपवर टाकलं, तेव्हा फोटोतला माणूस आपल्या ओट्यावर बसून वांग्याच्या भाजीत भाकर कुस्करत होता.

सातवीतल्या पायलनं मला विचारलंही होतं, "मॅडम, हे मेलेल्याचं हाये ना?"

"याला कलात्मक म्हणतात," मी म्हटलं.

आता आठवलं की त्या बाईच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटतो. बाई म्हणजे मीच. पण निवृत्तीला एक वर्ष उरलेली, मुलानं घेऊन दिलेला नवा मोबाईल पर्समधून उगाच काढून पाहणारी आणि मराठी शिकवत असल्यामुळे साधं वाक्य लिहायची सवय मोडलेली ती बाई मला आता परकीच वाटते. माझी नात म्हणते, "आजी, तू तेव्हापण म्हातारीच होतीस." नाही गं. तेव्हा मी फार तरुण होते. म्हातारी असते तर मेलेल्याची चौकट ओळखली असती.

त्या माणसाला गावात सगळे आबाजी म्हणत, माझ्यासकट. घाटंजी तालुक्यातलं आमचं गाव. त्याच्या बौद्धपुऱ्यात, पिठाच्या चक्कीला लागून त्यांचं घर. एरवी कापसाच्या जिनिंगात कामाला आणि एप्रिल उजाडला की गायनपार्टीचे गायक. जयंतीच्या दिवसांत गावोगावी मांडव पडायचे, त्यात ते स्वतः रचलेली गाणी स्वतः पेटी वाजवून म्हणायचे. त्या एका महिन्यासाठी ते बाकीचे महिने काढायचे, असं त्यांची बायको सांगायची. तेही कौतुकानं नाही.

आमच्याकडं एप्रिलमध्ये रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतं. तशा उन्हाळ्यात आबाजी काळा लोकरी कोट घालून स्टेजवर चढत. कुणी विचारलं तर म्हणत, "गाणाऱ्याले घाम फुटला पायजे. नाई त लोकाईले वाटते, हा बसल्या बसल्या पैसे घेऊन राह्यला."

एसटीत त्यांची पेटी खिडकीपाशी बसे आणि ते उभे राहत. कंडक्टरनं एकदा आवाज चढवला, "बाबाजी, पेटी खाली ठेवा, माणसाले बसू द्या." आबाजी म्हणाले, "माणसाचा गळा बसला त त्याले हळदीचं दूध पाजता येते. हिचा बसला त काय पाजू? सांग." कंडक्टरनं घंटीची दोरी ओढली. पेटी पांढरकवड्यापर्यंत वारा खात गेली.

चक्कीचा पट्टा फटफट वाजायचा. तो लयीतून सुटला की हे घरातून उठून जात आणि चक्कीवाल्याला दटावत, "तुही चक्की आडवी चालून राह्यली. ताल पाय ना जरा." चक्कीवाला बिचारा पट्ट्याला राळ लावायचा आणि मग दोघं मिळून कान देऊन उभे राहायचे. दळण घेऊन आलेल्या बाया ताटकळायच्या.

आणि वन्स मोअर द्यायचा नाही. कितीही टाळ्या पडोत, पाटील म्हणोत की सभापती म्हणोत. मांडवातून "वन्स मोअर!" ओरडलं की आबाजी पेटीवर हात ठेवून विचारत, "काहून? पयल्यांदा कुठं गेलते तुमी?" लोक हसत. ते हसत नसत. त्यांना खरंच उत्तर हवं असे.

रेकॉर्डिंगचंही तेच. समोर मोबाईल वर झालेले दिसले की भाता बंद. "आवाज बरणीत भरून ठेवाले मी काय लोणचं हाओ?"

आता असल्या माणसाला लोक किती सोसणार? गावोगावी डीजे आले. डीजेला कोट लागत नाही, तो रुसत नाही आणि वन्स मोअर मागितला तर रात्रभर देतो. आबाजींची बोलावणी आटत गेली. पुसद, मुकुटबन आणि अजून दोन-चार गावं, एवढीच नेमानं बोलावणारी उरली.

अशात शाळेला वरून एक उपक्रम आला. सहावी-सातवीच्या मुलांनी आपल्या गावातल्या कलावंताचा मोबाईलवर व्हिडिओ करायचा. पोरांनी आधी डीजेवाल्याचं नाव सुचवलं. पायल म्हणाली, "आबाजी घ्या. ते चिडते. पाह्याले मजा येईन." पायल आमच्याकडं बंजाऱ्यांच्या तांड्यावरून यायची, घरी गोरबोली, शाळेत वऱ्हाडी आणि माझ्यासमोर पुस्तकी, अशा तिन्ही भाषांत आगाऊ. कॅमेरा तिच्याच हातात द्यावा लागला. कॅमेरा म्हणजे माझाच मोबाईल.

आम्ही त्यांच्या घरी गेलो. आबाजींनी सगळं ऐकून घेतलं आणि नाही म्हणून टाकलं. पायलनं विचारलं, "मंग आबाजी, तुमी मेल्यावर तुमचं गाणं कुठून ऐकाचं?"

"मी मेल्यावर तुमी म्हना. मी नाई येत ऐकाले."

पोरं हसली. आबाजींनी मात्र माझ्याकडं पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "म्याडम, खरं सांगा. याच्यानं मले कार्यक्रम भेटन का?"

एवढंच त्यांना हवं होतं. कौतुक नको, शाल नको. कुणीतरी बोलवावं आणि जाऊन गावं. मी म्हटलं, "भेटतील म्हणजे काय! पुसदपासून मुकुटबनपर्यंत सगळे बघतील."

चुलीपाशी बसलेली आजी, म्हणजे त्यांची बायको, तिथूनच म्हणाली, "म्याडम, त्याईले असं हो म्हनू नका. बुढा खरं समजते."

बुढ्यानं खरं समजलं. दुसऱ्या दिवशी भर दुपारी कोट घालून, केस चोपून ओट्यावर हजर. चक्की बंद ठेवायला सांगून आलेले. पायल मोबाईल घेऊन त्यांच्याभोवती फिरू लागली तर ओरडले, "पोट्टे, तू कायले हालून राह्यली? गाणं मी म्हणून राह्यलो ना? एका जागी उभी राय." मग त्यांनी समोर बसलेल्या सातवीच्या पोरांना उद्देशून लांबलचक नमन केलं: अध्यक्ष महोदय, गावातले बंधू, माता-भगिनी, मांडव घालणारे, सतरंजी आणणारे. आणि गायले.

*माय गेली निंदाले, ऊन तिच्या पाठीवर,*
*पाटी देल्ली मले, तिची सावली डोक्यावर.*

मी मराठीची बाई. मी त्या वेळी मनात मात्रा मोजत होते. एक जास्त भरत होती. एवढंच मला सुचलं, बघा. पोरं मात्र तोंड उघडं टाकून बसली होती. दोघी-तिघींच्या आया त्या क्षणी खरोखरच कुणाच्या तरी वावरात निंदणाला, तण काढायला, गेलेल्या होत्या.

गाणं संपलं. पायलनं मोबाईल खाली घेतला आणि तिचा चेहरा पडला. लाल बटण दाबलंच नव्हतं.

मी म्हटलं, झालं. भरल्या मैदानाला नाही म्हणणारा माणूस हा.

"आबाजी," पायल म्हणाली, "आनखी एकदा म्हना ना."

"काहून? पयल्यांदा कुठं गेलती?"

"इथंच होती. ऐकून राह्यलती. म्हणून त बटन दाबाचं राह्यलं."

आबाजींनी भाता मिटला. कोटाच्या बाहीनं कपाळ पुसलं. आजी दारात येऊन उभी राहिली, आता काय होतं ते बघायला. मग त्यांनी भाता सोडला आणि अध्यक्ष महोदयांपासून पुन्हा सुरुवात केली. आयुष्यात त्यांनी दिलेला वन्स मोअर हा एकच. तो सातवीच्या वर्गाला मिळाला.

व्हिडिओ झाला. पोरांनी तो माझ्याच मोबाईलवर कापून-जोडून नीट केला. आबाजींच्या ताकिदीप्रमाणे नमनाला हात लावला नाही. मग मला वाटलं, सगळं पोरांनीच केलं, आपलाही हात लागावा. व्हिडिओ मोठा, जायला वेळ लागणार, तोवर एखादं देखणं चित्र पुढं पाठवू. चौकटींचं ते ॲप मी नुकतंच घेतलं होतं. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे.

ग्रुपवर धडाधड जोडलेले हात येऊ लागले. मला वाटलं, माझ्या कलेला. मी प्रत्येकाला 'धन्यवाद' लिहिलं. कुणी लिहिलं, 'गावाची मोठी हानी.' एवढं वाचूनही माझी ट्यूब पेटली नाही. म्हटलं, भावनेच्या भरात लिहिलं असेल. त्यालाही धन्यवाद. मोबाईल चार्जिंगला लावला आणि समाधानानं झोपले.

सकाळी शाळेच्या वाटेवर पाहिलं तर चक्कीपाशी ही गर्दी. आसपासच्या खेड्यांतून गाड्या आलेल्या. कुणाच्या हातात हार, कुणी पांढरी टोपी घातलेली. आणि ओट्यावर आबाजी, एका गालाला साबण, दुसरा गाल तुळतुळीत, हातात वस्तरा.

पहिला माणूस त्यांना पाहून मटकन खालीच बसला म्हणे. मी पोचले तोवर त्यांना सगळं कळलं होतं, आणि मजा वाटत होती. खोटं सांगत नाही. आलेल्याला समोर बसवायचे आणि म्हणायचे, "बोल ना बाप्पा. काय बोलणार होता माह्याबद्दल? आता आलाच हायेस त बोलून जा."

आजी आत चहाचं आधण ठेवत होती. मला पाहून म्हणाली, "या म्याडम. साखर सरली. तुमी मारलं, आता साखर तुमीच आना."

मी साखर आणायला पळाले. परत आले तेव्हा लोक बोलत होते. एकानं कोटाची गोष्ट सांगितली. एकानं एसटीतल्या पेटीची. एकाला सभापतींच्या तोंडावर वन्स मोअर नाकारला तो दिवस आठवला. ओटा हसत होता. आबाजीही हसत होते. मग त्यांनी विचारलं, "आन गाणं? गाणं कोणतं याद हाये?"

एक जण म्हणाला, "ते नाई का आबाजी, ते... मोठं चांगलं होतं." दुसऱ्यानं एक ओळ म्हटली. ती दुसऱ्याच पार्टीच्या गाण्याची होती.

आबाजींनी उरलेला गाल केला. वस्तरा धुतला. माझ्याकडं न पाहता म्हणाले, "म्याडम, लोकाईले माहा कोट याद हाये."

तिथवर ही गोष्ट हसण्यावारी न्यायची सोय होती. माणूस जिवंत आहे, चूक कळली आहे, दुरुस्त करू. पायलनं दुपारीच दुसरा व्हिडिओ केला. एक पोरगा म्हणाला, आबाजींच्या हातात आजचा पेपर द्या, म्हणजे पुरावा. आबाजींनी पेपर फेकून दिला आणि पेटीवर हात ठेवून म्हणाले, "मी जित्ता हाओ. पेटी बी जित्ती हाये. बोलवा." एवढंच. आम्ही तो सगळीकडं पाठवला. तो कुठंच गेला नाही. माझी झेंडूची चौकट तोवर जिल्हाभर फिरून माझ्याच बहिणीकडून मला परत आली होती, वर 'दुःखद बातमी' अशी ओळ चढवून.

खरा व्हिडिओ, पोरांचा, उपक्रमातून परत आला. वेळेची मर्यादा ओलांडली होती. तेवढ्या वेळात आबाजींचं नमनसुद्धा मावलं नसतं. ग्रुपवर तो चढलाच नाही, आणि पुढं माझा मोबाईल बिघडला तेव्हा त्याच्यासोबत गेला.

मी फोन करत सुटले. आबाजींकडं फोन नव्हता; आजीच्या साध्या मोबाईलमध्ये बहुतेक वेळा पैसे नसत. मुकुटबनच्या मंडळातला पोरगा नम्रपणे म्हणाला, "मॅडम, ते जिवंत हायेत हे ऐकून खूप आनंद झाला. पण दुसरी पार्टी ठरली ना आता. बॅनर छापून आले. पुढल्या वर्षी पाहू." बाकीच्या गावांनीही आनंदच व्यक्त केला.

पुसदवाल्यांनी फोनच उचलला नाही. आबाजी म्हणाले, "ते दरवर्षी बोलावते. नाई म्हनले नाई, म्हणजे जाचं." आजीनं हात जोडून मला सांगितलं, सोबत जा. मी गेले. वाटेत ते गुणगुणत होते. पेटी खिडकीपाशी.

मांडवाच्या तोंडाशीच आम्ही थांबलो. स्टेजच्या एका बाजूला आबाजींचा फोटो होता, पुरुषभर उंचीचा. तीच चौकट, तोच झेंडू, त्याच माझ्या समया. त्यावर खरा हार आणि खाली खरी उदबत्ती. एक माणूस माइकवर बोलत होता, की आज ते आपल्यात असते तर या स्टेजवर याच वेळी त्यांचा सूर लागला असता. मग त्यानं दोन मिनिटं उभं राहायला सांगितलं. सगळा मांडव उठला. बाया पोरांना कडेवर घेऊन उठल्या.

मी पुढं निघाले. ओरडणार होते. आबाजींनी माझ्या पदराचं टोक धरून मागं ओढलं.

"बोलू नका म्याडम," ते हळूच म्हणाले. "लोकं उभे हायेत."

"अहो, पण तुम्ही..."

"माह्या गाण्याले कोनी कधी उभं राह्यलं होतं का?"

आणि तेही उभे राहिले. मान खाली, कोटाची बटणं लावलेली, पेटी पायाशी. दोन मिनिटं संपली तशी नव्या पार्टीनं गाण्याचं मशीन सुरू केलं. आम्ही वळलो. तिथल्या कुणी आम्हाला पाहिलंही नाही. परतीच्या एसटीत खिडकीची जागा रिकामी होती. आबाजी तिथं स्वतः बसले आणि पेटी त्यांनी सीटखाली सरकवली.

त्यानंतर ते गायले नाहीत. पुढच्या वर्षी मुकुटबनचा पोरगा शब्दाला जागला, आजीच्या मोबाईलवर फोन आला. आबाजींनी आजीकरवी निरोप दिला, "सांग त्याले, तो माणूस वारला." मी समजावायला गेले. माझं सगळं ऐकून म्हणाले, "म्याडम, तुमी काहून जीवाले लावून घेता? चांगला फोटो होता." शेजारी चक्कीचा पट्टा वेडावाकडा फटफटत होता. ते उठले नाहीत. चक्कीवालाच मधूनमधून बाहेर येऊन ओट्याकडं बघून जायचा.

मी निवृत्त झाले. पायल यवतमाळला कॉलेजात गेली. एका हिवाळ्यात आबाजी झोपेतच गेले. पायल तेव्हा सुट्टीत तांड्यावर आली होती. तिनं गावाच्या ग्रुपवर साध्या दोन ओळी टाकल्या: आबाजी गेले, दुपारी नेणार आहेत. चौकट नाही, फूल नाही. तिनं माझ्याकडून तेवढं शिकून घेतलं होतं.

लगेच कुणीतरी लिहिलं, 'ही जुनी खोटी पोस्ट आहे. खात्री न करता पुढे पाठवू नका.' दुसऱ्यानं लिहिलं, 'मागेही असंच झालं होतं. आबाजी ठणठणीत आहेत.' आणि तिसऱ्यानं कुठून तरी शोधून पुरावा टाकला: मी जित्ता हाओ, पेटी बी जित्ती हाये, बोलवा. आम्ही हातापाया पडून पाठवलेला तो व्हिडिओ त्या दिवशी पहिल्यांदा धावला. गावोगाव गेला. पायल एकेकाला उत्तर देत बसली, रडत रडत, अंगठ्यांनी. कुणी मानलं, कुणी नाही. मानलं त्यांनाही तोवर उशीर झाला.

मसणवटीत त्रिशरण म्हणायला आम्ही मोजकी माणसं होतो. चक्कीवाल्यानं खांदा दिला. पायलनं त्या दोन ओळी म्हटल्या, माय गेली निंदाले, पाटी देल्ली मले, आणि तिसरी आम्हा कुणाला जोडता आली नाही. मलासुद्धा. मी फक्त मात्रा मोजल्या होत्या.

सगळं उरकून आलो. ओट्यावर आजी एकटी बसली होती. मी तिच्याजवळ टेकले. म्हटलं, "आजी, माझ्यामुळं..."

तिनं मला हातानं थांबवलं. रिकाम्या रस्त्याकडं पाहत म्हणाली, "तुमी मारलं तवा बरा मेला होता वो बुढा, म्याडम. घर भरून लोकं आलते."